मेंदूच्या आजारांतील ग्लायल पेशी आणि दाह

मेंदू व मज्जारज्जू यांत चेतापेशींच्या बरोबरीने राहून त्यांना आधार, पोषण व संरक्षण देणाऱ्या पेशींना ग्लायल पेशी अथवा ग्लिया म्हणतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये या ऊतीला नाव दिले, तेव्हा ती चेतापेशींना जागच्या जागी धरून ठेवणारा निव्वळ भराव असल्याचा समज होता व तो बराच काळ टिकला. ग्लायल पेशी चेतापेशींच्या दसपट असतात हे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेलेले विधानही आता मागे पडले आहे. २००९ मधील मोजणीनुसार मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असून इतर पेशींची संख्या जवळपास तितकीच भरते.

या पेशींचे तीन प्रकार मेंदूच्या आजारांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. ऑलिगोडेंड्रोसाइट चेतातंतूंवर मायलिनचे वेष्टन चढवतात आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये हेच वेष्टन नष्ट होते. ताऱ्याच्या आकाराच्या अॅस्ट्रोसाइट पेशी आपली टोके केशवाहिन्यांभोवती पसरून रक्त व मेंदू यांमधील अडसर राखण्यास मदत करतात आणि चेतापेशींनी सोडलेले जादा ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन शोषून घेतात. हे शोषण बिघडले की चेतापेशी अतिउत्तेजित होतात आणि रुग्णाला झटके येऊ शकतात. स्पॅनिश संशोधक पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये वेगळ्या ओळखून दाखवलेल्या मायक्रोग्लिया या मेंदूतच वस्तीला असलेल्या प्रतिकारपेशी होत. त्या भ्रूणावस्थेच्या आरंभी भ्रूणाला जोडलेल्या पीतक-कोश या पिशवीतून मेंदूत येतात आणि एरवीही आपल्या बारीक शाखा सतत हलवत आसपासचा भाग तपासत असतात. जंतू, मृत पेशी किंवा विकृत प्रथिन आढळताच त्या आकार बदलतात, ते गिळू लागतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ यांसारखी सायटोकाइने, म्हणजे दाह चेतवणारी संदेशवाहक प्रथिने, सोडतात. या प्रतिक्रियेला मेंदूतील दाह म्हणतात. तो संरक्षक असतो. मात्र कवटीच्या बंद पोकळीत सुजेला जागा नसल्यामुळे आणि मेलेल्या चेतापेशी सहसा भरून निघत नसल्यामुळे तो लांबला किंवा हाताबाहेर गेला, तर मूळ कारणाइतकीच हानी करतो.

ग्रामीण विदर्भात हा दाह प्रामुख्याने तापाच्या आजारांतून समोर येतो. ‘ताप डोक्यात गेला’ असे घरचे लोक ज्याचे वर्णन करतात, त्यामागे विषाणू, जिवाणू किंवा परजीवी यांपैकी काहीही असू शकते. नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावाचे नाव ज्याला मिळाले, तो विषाणू १९६५ मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, तापाच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळा केला. रेबीजच्या विषाणूच्या कुळातला हा विषाणू मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत वाढणाऱ्या वाळूमाशीमार्फत पसरतो. जवळपास चार दशके त्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडून त्यांपैकी १८३ दगावली, तेव्हा त्याचे गांभीर्य कळले. संध्याकाळी ताप, रात्री उलट्या व झटके आणि दुसऱ्या दिवशी बेशुद्धी अशा वेगाने आजार वाढतो. मुलाच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात मात्र पांढऱ्या पेशी बहुधा वाढलेल्या नसतात, म्हणजे रक्तातून पेशींची मोठी फौज मेंदूत शिरलेली नसते. उंदरांवरील प्रयोगांत या विषाणूमुळे मायक्रोग्लिया उत्तेजित होऊन सायटोकाइने वाढल्याचे आढळले आहे. त्यामुळे हानीचा काही भाग मेंदूतल्याच पेशींकडे जातो, असे मानण्यास जागा आहे.

भंडारा, गोंदिया व गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात, बांध्यांत साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमुळे पसरू शकणाऱ्या जपानी मेंदूज्वरातही मायक्रोग्लियाचा वाटा प्रयोगांतून दिसून आला आहे. मिनोसायक्लिन या प्रतिजैविकाने उंदरांत त्यांची उत्तेजना कमी होऊन जगण्याचे प्रमाण वाढले. रुग्णांवरील चाचणीत मृत्युदरात तसा निर्णायक फरक पडला नाही. उंदरात साधलेले माणसात साधेलच असे नाही, हे या क्षेत्रात वारंवार अनुभवास आले आहे.

दाह कमी केला की रुग्ण सुधारेल, हा सरळ हिशेब स्टेरॉइडच्या बाबतीत कसा फसतो हे दोन आजार शेजारी ठेवले की कळते. क्षयाच्या मेंदुआवरणदाहात क्षयाच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्यास मृत्यू कमी होतात, असे व्हिएतनाममधील २००४ च्या चाचणीने दाखवले आणि ते आता प्रचलित उपचारांत आहे. हेच औषध मेंदूच्या हिवतापात अपायकारक ठरते. थायलंडमधील १९८२ च्या चाचणीत त्यामुळे बेशुद्धी उलट लांबली. मेंदूपर्यंत पोहोचू शकणाऱ्या फॅल्सिपॅरम प्रकारच्या हिवतापाचे रुग्ण गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अजूनही आढळतात. तेथे बेशुद्ध रुग्णाला कारण न शोधता स्टेरॉइड टोचणे म्हणूनच धोक्याचे आहे.

डुकरातील फीतकृमीच्या अंड्यांमुळे होणारा मेंदूतील सिस्टिसर्कोसिस हे याहून वेगळे उदाहरण होय. अंडी दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या पालेभाजीतून पोटात जात असल्याने कधीही मांस न खाणाऱ्या माणसालाही तो होतो. अंड्यातून निघून मेंदूत पोहोचलेली जिवंत अळी पुटीत, म्हणजे पिशवीसारख्या आवरणात, राहून यजमानाची प्रतिकारशक्ती दाबते व वर्षानुवर्षे त्रास देत नाही. ती मरू लागली की दाबलेला दाह उसळतो, भोवतीच्या ग्लायल पेशी उत्तेजित होतात आणि आजवर धडधाकट असलेल्या माणसाला एकाएकी मिरगीचा झटका येतो. सीटी स्कॅनमध्ये त्या जागी पांढरे कडे उमटते. अळी मारणारे अल्बेंडाझोल देताना सोबत स्टेरॉइड देतात ते याच कारणाने.

जंतूंखेरीज विषारी द्रव्यांमुळेही ग्लायल पेशी उत्तेजित होतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीत वापरल्या जाणाऱ्या ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके चेतापेशींचा संदेश वेळीच थांबवणारे अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) रोखतात. या द्रव्यांमुळे दीर्घ झटके आलेल्या प्राण्यांच्या मेंदूत अॅस्ट्रोसाइट व मायक्रोग्लिया पुढे अनेक दिवस उत्तेजित राहिल्याचे दिसते. अॅट्रोपिन व प्रॅलिडॉक्सिम ही नेहमीची औषधे या नंतरच्या टप्प्यासाठी बनलेली नाहीत.

वार्धक्यातील आजारांत दाह मंद व दीर्घकाळ चालणारा असतो. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत उत्तेजित मायक्रोग्लिया असल्याचे १९८८ मध्ये नोंदले गेले आणि २०१२ च्या सुमारास मायक्रोग्लियात कार्यरत असलेल्या ट्रेम-२ जनुकाच्या काही प्रकारांचा अल्झायमरच्या धोक्याशी संबंध सिद्ध झाला. खेड्यात ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या स्मृतिभ्रंशात दाहाचा वाटा असल्याचे यातून दिसते. दाहशामक गोळ्यांनी अल्झायमर रोखण्याचे प्रयत्न मात्र अपयशी ठरले. हानिकारक व उपकारक अशी अॅस्ट्रोसाइटची दोन गटांतील विभागणीही २०२१ मध्ये तज्ज्ञांनी अपुरी ठरवली.

जिवंत माणसाच्या मेंदूतील ग्लायल उत्तेजना टीएसपीओ या प्रथिनाला चिकटणाऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याने पेट स्कॅनवर पाहता येते. परंतु ते प्रथिन इतर पेशींतही असते व ही तपासणी संशोधनापुरतीच आहे. जिल्हा पातळीवर निदान रक्ततपासणी, पाठीतील पाणी आणि सीटी स्कॅन यांवरच होते. त्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात करण्याजोग्या गोष्टी म्हणजे झटके तातडीने थांबवणे, रक्तातील साखर तपासणे, ताप उतरवणे आणि बेशुद्ध रुग्णाला कुशीवर ठेवून श्वासमार्ग मोकळा राखत वरच्या रुग्णालयात पाठवणे.