छडी खाली ठेवण्याचा इतिहास : बालवाडीतील शांतता आणि आदर

लहान मुलांना शांततेने आणि परस्पर आदराने वागायला शिकवावे, हा विचार आज शाळेच्या परिपाठात रुळलेला दिसत असला, तरी महाराष्ट्रात तो बालवाडीच्या दारातून आला आणि त्याचा पहिला रोख मुलांवर नव्हे, तर मोठ्यांच्या हातातील छडीवर होता.

गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये गुजरातमधील भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले, तेव्हा 'छडी लागे छमछम' हीच सर्वत्र रीत होती. त्यांच्या बालमंदिरात शिक्षेला थारा नव्हता आणि बक्षिसालाही नव्हता. यातली दुसरी गोष्ट पालकांच्या गळी उतरवणे आजही अधिक अवघड जाते. मराठी शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी मराठी शिक्षणपत्रिकेतून हेच विचार पालकांपर्यंतही नेले.

या पद्धतीचे मूळ इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत उघडलेल्या बालगृहात होते. तेथून आलेला शांततेचा खेळ पाहिला, म्हणजे उपदेशाचा मार्ग का टाळला गेला हे कळते. मुले हालचाल थांबवून बसतात, घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागते, मग बाई दुसऱ्या खोलीतून एकेकाचे नाव कुजबुजतात आणि ते मूल चवड्यांवर चालत, कोणालाही धक्का न लावता त्यांच्याकडे जाते. 'गप्प बसा' असे कोणीच म्हणत नाही.

जगात खरी शांतता हवी असेल, तर सुरुवात मुलांपासून करावी लागेल, असे गांधीजींनी १९३१ मध्ये लंडनमध्ये मॉन्टेसरींच्या उपस्थितीत सांगितले होते. फॅसिस्ट राजवटीशी बिनसल्यावर इटली सोडलेल्या मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्ध संपेपर्यंत येथेच राहिल्या.

शहरी मध्यमवर्गात रुजलेल्या या विचाराची खरी कसोटी मात्र १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी या गावी काम सुरू केले तेव्हा लागली. त्याच सुमारास तेथील, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. ज्यांच्या आईबापांना जमीनदाराचा मार ठाऊक होता, त्या मुलांना आदराचा पाठ शब्दांतून देणे व्यर्थ होते. मुले बालवाडीत येईनात, म्हणून ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. तेथे आधी मुलांचे हातपाय धुणे, केस विंचरणे होई. मग बिया, शिंपले, पाने यांच्या साहाय्याने शिकणे चाले. हे सारे आईच्या डोळ्यांदेखत होत असल्याने घर आणि शाळा अशी फारकत राहिली नाही. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. पोषण आणि लसीकरणाला तीत स्वाभाविकपणे अग्रक्रम मिळाला. शिकवण्याची रीत मात्र मागे पडली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ तयार करताना शांततेसाठी शिक्षण या विषयावर स्वतंत्र गट नेमला गेला, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. गिजुभाई आणि ताराबाईंनी ज्या वयासाठी छडी खाली ठेवली, ते वय त्याच्या कक्षेबाहेर राहिले.