मागच्या वर्षीचे ड्रॉप्स
आमच्या इंदूरला पावसाळ्यात डोळे आले की घरोघरी तेच, अगं फ्रीजमधे मागचे ड्रॉप्स पडलेत ना, एक्स्पायरीला अजून वर्ष आहे, घाल! अहो ती तारीख सीलबंद बाटलीची असते, एकदा उघडली की बहुतेक ड्रॉप्स साधारण 28 दिवसांत फेकायचे, आत बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखं प्रिझर्वेटिव्ह असलं तरी, कारण टोक पापणीला लागलं की जंतू आत जाऊ शकतात. पण खरी भीती वेगळीच. लेबलवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन दिसलं तर ते स्टेरॉइड, लाली झटकन उतरते म्हणून रामबागेतल्या आमच्या मावशी खूश, पण डोळ्यात हर्पिस नावाच्या विषाणूचं इन्फेक्शन असलं तर ते बळावतं, आणि बरेच दिवस घातलं तर डोळ्याच्या आतलं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, जो बहुतेकदा दुखत पण नाही.