मारिओची उडी खोटी आहे, म्हणून तर ती जमते

सुपर मारिओ ब्रदर्स या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की सगळे पहिल्या लेव्हलच्या पहिल्या स्क्रीनचं कौतुक करतात. ते चुकीचं नाहीये, पण माझ्या मते खरी करामत त्याच्याही आधी होऊन गेलेली असते, बटण दाबल्यावर तो बुटका माणूस वर कसा जातो आणि खाली कसा येतो यात. त्यामुळे लेव्हल नंतर, आधी उडी.

शाळेतलं फिजिक्स आठवा. बॉल सरळ वर फेकला आणि हवेचा अडथळा धरला नाही, तर वर जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच परत हातात यायला लागतो, कारण गुरुत्वाकर्षण दोन्ही वेळी सारखंच. शिवाय एकदा हातातून सुटला की बॉल तुमचं काही ऐकत नाही. १९८५ साली निन्टेंडोने काढलेल्या या गेममध्ये हे दोन्ही नियम बिनधास्त मोडलेत.

कसे ते बघू. गेम सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवतो आणि दर फ्रेमला मारिओ किती पिक्सेल (स्क्रीनवरचे ठिपके) सरकला याचा हिशोब चालू असतो. जागेवरून उडी मारली तर सुरुवातीचा वेग फ्रेममागे ४ पिक्सेल. बटण दाबून धरलंय तोवर गुरुत्वाकर्षण हा वेग दर फ्रेमला ०.१२५ ने कमी करत जातं. आता आपलं नेहमीचं सूत्र लावा, वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षणाची दुप्पट, म्हणजे १६ भागिले ०.२५, उत्तर ६४ पिक्सेल. गेममधला एक ब्लॉक १६ पिक्सेलचा, म्हणजे उडी झाली चार ब्लॉकची. फुल स्पीडने पळत येऊन उडी मारली तर सुरुवातीचा वेग ५ होतो, गुरुत्वाकर्षणही थोडं वाढून ०.१५६ च्या आसपास जातं, आणि उत्तर येतं ८० पिक्सेल, पाच ब्लॉक. आकडे असे ब्लॉकच्या मापात चपखल बसतात हा मला तरी योगायोग वाटत नाही.

आता खरी गंमत. बटण सोडलं, किंवा मारिओ वर पोचून खाली यायला लागला, की गुरुत्वाकर्षण एकदम साडेतीनपट होतं! त्यामुळे जागेवरच्या पूर्ण उडीत वर जायला ३२ फ्रेम लागतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त, आणि खाली यायला फक्त २० च्या आसपास (पडण्याच्या वेगावरही लगाम आहे, तो नसता तर अजून लवकर आपटला असता). याचे दोन फायदे झाले, एक म्हणजे बटण पटकन सोडलं की छोटी उडी आणि धरून ठेवलं की मोठी, एकाच बटणातून पाहिजे ती उंची, आणि दुसरं म्हणजे खाली भर्रकन येतो त्यामुळे फुग्यासारखा तरंगतोय असं वाटत नाही. वर हवेतल्या हवेत डावी-उजवीकडे दिशाही बदलता येते, म्हणजे न्यूटनचा पहिला नियमपण गेला. तरी खेळणाऱ्याला यातलं काहीच खोटं वाटत नाही, उलट उडी अगदी आपल्या हातातली वाटते, कारण उडी मारल्यानंतरही ती सुधारायची संधी मिळत राहते.

हे माप डोक्यात ठेवून आता १-१, म्हणजे पहिल्या जगातली पहिली लेव्हल, बघा. गेम बनवणारे शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे दोघे लेव्हल आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढायचे, आणि ही पहिली लेव्हल त्यांनी नंतरच्या बऱ्याच लेव्हल झाल्यावर बनवली. म्हणजे पुढे काय काय लागणार आहे हे माहीत असताना. त्यात हिरवे पाइप येतात ते क्रमाने बघा, पहिला दोन ब्लॉक उंच, दुसरा तीन, तिसरा चार. पहिल्यावर बटण नुसतं टिचकीसारखं दाबून भागत नाही, थोडं धरावं लागतं, आणि तिसऱ्याला पूर्ण दाबून धरल्याशिवाय गत्यंतरच नाही, कारण जागेवरच्या उडीची हद्दच चार ब्लॉक. कुठेही पाटी नाही, सूचना नाही, पण तिसरा पाइप ओलांडला म्हणजे बटण धरून ठेवायचं असतं हे बोटांना कळलेलं असतं. मध्ये गुंबांची (समोरून चालत येणाऱ्या छोट्या शत्रूंची) संख्यापण वाढत जाते, दुसऱ्या आणि तिसऱ्या पाइपच्या मध्ये एक, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये दोन.

या गुंबाचीही एक गोष्ट आहे. तो बराच उशिरा गेममध्ये आला. आधी कासवं होती, पण कासवावर उडी मारायची आणि मग त्याचं कवच लाथेने उडवायचं हे पहिल्याच शत्रूसाठी जास्त होत होतं, म्हणून एका उडीत चपटा होणारा सोपा शत्रू पाहिजे होता. तोवर मेमरी संपत आलेली, म्हणून त्याचं एकच चित्र उलटसुलट करून त्याला चालवलं.

मशरूमचा सापळा तर भारीच आहे. गुंबासारखाच दिसणारा काहीतरी प्रकार डब्यातून निघतो, उजवीकडे जातो, खाली पडतो, पाइपला आपटून परत तुमच्याच दिशेने येतो. नवखा माणूस घाबरून उडी मारतो, डोकं वरच्या ब्लॉकला आपटतं आणि तो मशरूमवरच येऊन पडतो. आणि मरायच्या ऐवजी मोठा होतो!

लेव्हलच्या शेवटाकडे दोन जिने एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत, मध्ये साधी जमीन. उडी चुकली तर खाली पडाल, परत चढाल, बस. थोडं पुढे तशीच जोडी परत येते, पण यावेळी मध्ये खड्डा.

वेगाचं गणितही याच हिशोबात येतं. पळताना मारिओ फ्रेममागे २.५ पिक्सेल जातो आणि तेव्हा तो साधारण स्क्रीनच्या मध्यापाशी असतो. स्क्रीन २५६ पिक्सेल रुंद, म्हणजे पुढचं दिसतं १२८ च्या आसपास. समोरून गुंबा ०.५ च्या वेगाने येत असेल तर धडक व्हायला ४३ फ्रेम, पाऊण सेकंदसुद्धा नाही. त्यातले ०.२ ते ०.२५ सेकंद तर डोळ्यांनी बघून बोट हलेपर्यंतच जातात. म्हणून सतत पळत सुटणारा माणूस मरतो, आणि ज्याला लेव्हल पाठ आहे तोच पळतो.

आणि हे सगळं फक्त ४० किलोबाइटमध्ये, ग्राफिक्स धरून. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं एकच चित्र आहे, रंग फक्त वेगळा. ५-३ म्हणजे नकाशाने १-३ च आहे, फक्त सरकत्या फळ्या आखूड केल्या आणि वर तोफगोळे सोडले. खेळताना किती जणांच्या लक्षात आलं असेल कोण जाणे, कारण उडी तीच असली तरी चुकीला जागा कमी झाली की लेव्हल वेगळीच वाटते.

नंतरच्या गेमांनी उडीतला खोटेपणा अजून वाढवला. २०१८ च्या सेलेस्टमध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मारता येते, म्हणजे सहा फ्रेम तुम्ही चक्क हवेवर उभे असता आणि तुम्हाला पत्ताही नसतो. १९८५ च्या मारिओत ही सवलत नाही. पाय सुटला की मग बटण कितीही जोरात दाबा, खालीच.