चेक इंजिनची लाईट घालवून गाडी आणू नका

आमच्या सर्व ग्राहकांसाठी

हल्ली आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे ऐकायला मिळतं : "चेक इंजिनची लाईट लागली होती, आता गेली. पण गाडी पिकअप घेत नाही, जरा बघा." थोडं विचारलं की कळतं, लाईट आपणहून गेलेली नाही. कुणी मोबाईलच्या ॲपमधून दोषाचा कोड पुसलेला असतो, कुणी बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवलेली असते. हेतू चांगलाच असतो. पण त्यामुळे आमचं तासाभराचं काम दोन-तीन दिवसांवर जातं आणि तेवढे दिवस तुम्हाला गाडीवाचून काढावे लागतात. म्हणून हे पत्रक.

लाईट लागते तेव्हा गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, नुसता कोड लिहून ठेवत नाही. त्या क्षणी इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर होतं, किती तापलेलं होतं, गाडीचा वेग किती, इंजिनवर ताण किती, इंधन नेहमीपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी सोडलं जात होतं, हे सगळं तो सोबत साठवतो. याला आम्ही फ्रीझ फ्रेम म्हणतो. कोड पुसला की हीही माहिती जाते. शिवाय ईसीयू स्वतःच्या ज्या चाचण्या घेत असतो, त्याही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. बरेचसे दोष गाडी लागोपाठ दोनदा सुरू करून चालवताना दिसल्याशिवाय लाईट लागतच नाही. म्हणजे तुम्ही पुसलेली लाईट परत यावी म्हणून आम्हाला गाडी थंड करून, गरम करून, पुन्हा थंड करून चालवत बसावं लागतं.

एक उदाहरण सांगतो. एका गाडीला पी ०१७१ कोड आला होता. त्याचा अर्थ, इंधनाच्या मानाने इंजिनात हवा जास्त. मालकांनी इंटरनेटवर वाचून ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा पार्ट) बदलून घेतला, कोड पुसला आणि आठवड्याने तीच तक्रार घेऊन आमच्याकडे आले. येण्याआधी कोड पुन्हा पुसला होता. आम्ही दोन दिवस गाडी चालवली, तेव्हा तिसऱ्या सकाळी लाईट परत लागली. फ्रीझ फ्रेम उघडली : वेग शून्य, इंजिन गरम, ७५० फेऱ्या, आणि ईसीयू २७ टक्के जास्त इंधन सोडतोय. रेस वाढवून २,५०० फेऱ्यांवर नेली, तर तोच आकडा ६ टक्क्यांवर उतरला. इथेच बरंचसं निदान झालं. गाडी उभी असताना थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, ओढ जोरात असते, त्यामुळे बारीकशी गळतीसुद्धा मोठी ठरते. रेस वाढली की आत येणारी एकूण हवाच इतकी असते की गळतीचा फरक उरत नाही. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर नेमकं उलटं झालं असतं, ताण वाढल्यावर आकडा चढला असता.

मग गळती शोधायला इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गात, धूर सोडला. मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूला, ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ परत आत नेणाऱ्या) पाइपाच्या वळणावरून धुराची बारीक रेघ वर आली. तिथलं रबर तेलाने फुगून मऊ झालं होतं आणि बोटाने दाबलं तरच नखाएवढी चीर उघडत होती. नुसत्या डोळ्यांनी ती कधीच सापडली नसती. पाइप बदलला, काम संपलं. जुना ऑक्सिजन सेन्सर तर पूर्ण चांगला होता. तो आपलं काम नीट करत होता, म्हणूनच तो कोड आला होता.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. कोड तक्रार सांगतो, कुठला पार्ट बदला ते सांगत नाही. पी ०४२० आला म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा पार्ट) गेलाच असं नाही, सायलेन्सरच्या पाइपातली गळतीही तोच कोड आणू शकते. आणि दुसरी गोष्ट तपासणीच्या आकाराबद्दल. "फक्त मशीन लावून बघायचे पैसे कसले?" असं आम्हाला विचारलं जातं. मशीन लावायला दोन मिनिटं लागतात, त्याचे पैसे आम्ही घेतही नाही. आकार घेतो तो त्यानंतरच्या कामाचा : वाचलेले आकडे ताडून बघणं, धूर सोडणं, प्रेशर मोजणं, गाडी चालवून बघणं. हा आकार न घेता अंदाजाने पार्ट बदलत जाणं आम्हाला सोपं आहे, पण ते पार्ट तुमच्या खिशातून येतात. आमच्याकडे काम होण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही स्कॅन रिपोर्ट छापून मिळतात आणि काढलेला पार्ट तुमच्या हातात दिला जातो.

स्कॅनर घेऊ नका असं आमचं मुळीच म्हणणं नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत ओबीडी २ (सगळ्या गाड्यांचे कोड एकाच तऱ्हेने वाचायची पद्धत) सक्तीचं झालं, पुढे इतर देशांनीही तशीच पद्धत घेतली, म्हणून आज एकच लहानसं यंत्र बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांना चालतं. ही चांगलीच सोय आहे. कोड वाचा, फ्रीझ फ्रेमच्या पानाचा फोटो काढा, आम्हाला पाठवा. फक्त पुसू नका. लाईट स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश चालवत आणायला सहसा हरकत नसते. लाईट उघडझाप करत असेल तर इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतंय. तेव्हा गाडी बाजूला घ्या आणि फोन करा. तेलाची लाल लाईट लागली तर इंजिन लगेच बंद करा, आमच्यापर्यंत चालवत आणू नका.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या, हे आम्ही स्वतः सांगतो. रिकॉलचं काम, एअरबॅगची तक्रार, ईसीयूचं नवं सॉफ्टवेअर, यासाठीही तिथेच जावं. तिथेही हाच नियम : लाईट तशीच असू द्या. कोड सापडला नाही की जॉब कार्डावर "तक्रार आढळली नाही" असं लिहून गाडी परत येते. जॉब कार्डावर "जनरल चेकअप" असं लिहू देऊ नका. तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, उदाहरणार्थ "सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर सिग्नलला थांबली की थरथरते, दहा मिनिटांनी बंद होतं". मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा. कार्डाची प्रत घरी ठेवा. वॉरंटी संपल्यावर वाद झाला तर तक्रार आधीपासून होती हे त्या कागदावरून दाखवता येतं. तिथला अंदाजपत्रकाचा कागद घेऊन आलात, तर कुठलं काम खरंच निकडीचं आहे आणि कुठलं थांबू शकतं, ते आम्ही वाचून सांगतो.

आमच्याकडे गाडी सोडताना शक्यतो आदल्या संध्याकाळी आणा, म्हणजे सकाळचा पहिला स्टार्ट आम्हालाच करता येतो. टाकी साधारण अर्धी असू द्या. पेट्रोलच्या वाफेची चाचणी बऱ्याच गाड्यांत टाकी पूर्ण भरलेली किंवा अगदी रिकामी असताना होतच नाही.