पर्जन्यजल शुल्काची वैधता (अमेरिका)

छपरांवरून आणि वाहनतळांवरून वाहत येणाऱ्या पावसाच्या पाण्याचा निचरा करण्यासाठी अमेरिकेतील शहरे व काउंट्या मिळकतधारकांकडून हे शुल्क घेतात. न्यायालयांपुढचा मुख्य वाद हा, की ते शुल्क आहे की कर? कर ठरला तर अनेक राज्यांत आधी मतदारांची मंजुरी लागते आणि चर्चसारख्या करमुक्त मिळकती सुटतात. शुल्क ठरले तर नगर परिषदेचा ठराव सहसा पुरतो आणि चर्चलाही बिल जाते.

आकारणी बहुधा पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रावर होते. हवाई छायाचित्रांवरून छप्पर, डांबर, काँक्रीट मोजतात आणि सरासरी घराचे असे क्षेत्र एक एकक धरतात. एकक ३,००० चौरस फुटांचे असेल, तर ६०,००० चौरस फूट छप्पर व वाहनतळ असलेल्या दुकानाला २० एककांचे बिल येते. शेजाऱ्याची शेड आपल्या नावावर मोजली जाणे, आधीच पाडलेले बांधकाम हिशेबात राहणे या चुका इथल्याच. म्हणून हरकत घेण्याआधी मोजणीचा नकाशा मागवावा.

मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये लान्सिंग शहराची आकारणी कर ठरवून रद्द केली. तिथे तीन कसोट्या लावल्या गेल्या : हेतू नियमनाचा की महसुलाचा, रक्कम सेवेच्या खर्चाच्या प्रमाणात आहे का, आणि ती टाळणे वा कमी करणे मिळकतधारकाच्या हातात आहे का. लान्सिंगमध्ये सुमारे ७५ टक्के मिळकतधारकांकडे पावसाचे पाणी व सांडपाणी यांच्या वाहिन्या आधीच वेगळ्या होत्या. तरी उरलेल्या वाहिन्या वेगळ्या करण्याचा भार सगळ्यांवर टाकला होता. आकारणी तिथेच कोसळली, आणि ते योग्यच झाले. कॅलिफोर्नियात सॅलिनस शहराचे शुल्क २००२ मध्ये मतदानाअभावी अवैध ठरले, तर मिसूरीत सेंट लुईसच्या ‘मलनिस्सारण जिल्ह्या’चे, म्हणजे सांडपाण्याचे काम पाहणाऱ्या स्थानिक संस्थेचे, २०१३ मध्ये.

जॉर्जियात त्याच वर्षी ॲथेन्स-क्लार्क काउंटीचे शुल्क मात्र टिकले. नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीला ते लागू नव्हते आणि स्वतःच्या आवारात पाणी अडवणाऱ्याला बिलात सूट होती. अशी सूट कागदावर असून भागत नाही. मालकाला ती खरोखर मिळवता आली पाहिजे. जमा रक्कमही वेगळ्या निधीत ठेवून निचऱ्यावरच खर्चावी लागते. ती सर्वसाधारण निधीत वळवली, की वादीच्या हाती आयता पुरावा पडतो.

केंद्र सरकारच्या इमारतींचा प्रश्न २०११ मध्ये स्वच्छ जल कायद्यातील दुरुस्तीने सुटला : आकारणी वाजवी आणि त्या मिळकतीतून होणाऱ्या प्रदूषणाच्या प्रमाणात असेल, तर तिला कर म्हटले तरी केंद्राला ती भरावी लागते.