गाडीची फ्युजिबल लिंक जळली, मग लगेच जोडून का नाही देत?

दुकानात बरेच जण विचारतात, भाऊ एवढीशी वायर, दोन टोकं जोडायची, त्याला अर्धा दिवस काऊन पाहिजे? प्रश्न बरोबर आहे, म्हणून लिहूनच देतोय.

बॅटरीच्या प्लसवरून किंवा सेल्फपासून जी जाड वायर निघते तिच्यात वीतभर किंवा त्याहून छोटा बारीक वायरचा तुकडा मुद्दाम टाकलेला असतो, तीच फ्युजिबल लिंक. गेज म्हणजे वायरच्या जाडीचा नंबर, नंबर मोठा तितकी वायर बारीक; पुढची वायर १० गेजची असेल तर लिंक १४ ची, म्हणजे चार नंबर बारीक, आणि पुढे कुठं शॉर्ट झालं की आधी तीच वितळते, बाकी वायरिंग वाचतं. तिचं कव्हर पण वेगळं, ते पेट घेत नाही, नुसतं फुगतं, फोड येतात. म्हणून तिथं घरची साधी वायर जोडू नका जी, पुढच्या शॉर्टला ती वितळायच्या आधी तिचं प्लास्टिक पेटतं आणि शेजारचं वायरिंग पण घेऊन जातं.

गाडी एकदम डेड, हॉर्न नाही लाईट नाही, पण बॅटरी चांगली, किंवा गाडी चालते पण बॅटरी चार्जच होत नाही, तर लिंक बघायची. बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि लिंक हलकी ओढून बघा, रबरासारखी ताणली तर आतलं तांबं गेलं. कधी एकदोन तारा शिल्लक राहतात, मग मीटरवर १२ व्होल्ट दिसतात पण हेडलाईट लावला की पडतात, त्यामुळं आम्ही लोड देऊनच मोजतो.

खरा वेळ जातो तो लिंक का जळली हे शोधण्यात. आम्ही लिंकच्या जागी ५५ वॅटचा हेडलाईट बल्ब लावतो, चावी बंद, सगळं बंद, तरी बल्ब भक्क पेटला तर पुढे शॉर्ट आहे. बल्बमुळं करंट साडेचार ॲम्पिअरच्या आसपासच राहतो, काही जळत नाही, मग एकेक कनेक्टर काढत जायचं, ज्याला बल्ब विझला तिथं चोर सापडला. अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करतो तो) वायर काढल्यावर विझला तर बहुतेक त्याच्या आतला डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा पार्ट) गेला, जंप स्टार्ट करताना, म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून गाडी चालू करताना, केबल उलट्या लावल्या की हे होतं. काटोलच्या एका काकांची गाडी संत्र्याच्या बागेत उभी असायची, उंदरांनी वायर कुरतडली होती, बाहेर लिंक दोनदा जोडून झाली होती आणि दोन्ही वेळा जळली, कारण आतली ती कुरतडलेली वायर कोणी बघितलीच नव्हती.

शॉर्ट निघाला की त्याच गेजची लिंक, क्रिम्प (टोकं नळीत दाबून घट्ट करणं), वरून सोल्डर (ॲसिडवालं नाही) आणि हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. नुसत्या टेपवर आम्ही काम सोडत नाही, आपल्या नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ डिग्री, बॉनेटखाली तर टेपचा गोंदच सुटतो. नवीन गाड्यांत बहुतेक बोल्टवाली मेन फ्यूज असते, ती जोडायची नसते, जितक्या ॲम्पिअरची होती तितक्याचीच नवीन टाकायची.

येताना दोन गोष्टी सांगा, नवीन हॉर्न, लाईट, ॲम्प्लिफायर बसवला का आणि जंप स्टार्ट केलं होतं का. आणि जळलेली लिंक फेकू नका, सोबत आणा, गेज तिच्यावरूनच कळतो.