सोचीच्या फोटोतला सहावा

मे १९६१. युरी गागारिन पृथ्वीभोवती फेरी मारून परतले त्याला जेमतेम महिना झाला होता. सोव्हिएत अंतराळवीरांचं पथक विश्रांतीसाठी काळ्या समुद्राकाठी सोचीला गेलं होतं. सोबत सेर्गेई कोरोल्योव होते, रॉकेट आणि यान ज्यांच्या देखरेखीखाली घडलं ते मुख्य अभियंता. त्या मुक्कामात सगळ्यांनी मिळून फोटो काढले. उन्हातली हसरी तरुण माणसं, घरच्या सहलीत काढावेत तसे फोटो.

त्यातला एकही तेव्हा छापता येण्यासारखा नव्हता, कारण चौकटीत कोरोल्योव होते. त्यांचं नाव सरकारी गुपित होतं. कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्रावदा' या वर्तमानपत्रात ते लिहीत, तेही 'प्राध्यापक के. सेर्गेयेव' या टोपणनावानं. १४ जानेवारी १९६६ ला ते वारले आणि मगच देशाला त्यांचा चेहरा आणि नाव कळलं. सोचीचे फोटो दाखवायला आता हरकत नव्हती. पण तोवर त्याच फोटोंतली दुसरी काही माणसं नकोशी झाली होती. एकाला उजेडात आणायचं म्हणून बाकीच्यांना पुसावं लागलं. हा सगळा प्रकार मला अस्वस्थ करतो तो इथे.

पुसलेल्यांत सगळ्यात ठळक होता ग्रिगोरी नेल्युबोव. १९६० मध्ये वीस लढाऊ वैमानिक निवडले गेले. त्यांतून सहा जण वेगळे काढून त्यांची तयारी जोरात सुरू झाली: गागारिन, तितोव, निकोलायेव, पोपोविच, बिकोव्स्की आणि नेल्युबोव. १२ एप्रिल १९६१ ला गेरमान तितोव हे गागारिन यांचे पहिले राखीव होते, तर नेल्युबोव दुसरा. उड्डाणतळाकडे निघालेल्या त्या प्रसिद्ध बसमध्येही तो होता. या सहापैकी पाच जण पुढे अंतराळात गेले.

मार्च १९६३ मध्ये नेल्युबोव आणि पथकातलेच इवान अनिकेयेव व वालेन्तिन फिलात्येव दारू प्यायलेले असताना एका रेल्वे स्टेशनवर लष्करी गस्तीशी भांडले. माफी मागा, वर कळवत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. नेल्युबोवनं मागितली नाही. अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाची सूत्रं सांभाळणारे जनरल कमानिन यांनी तिघांनाही पथकातून काढलं. नेल्युबोवची रवानगी अतिपूर्वेला, साध्या हवाई तुकडीत झाली. 'मी गागारिनचा राखीव होतो' असं तो तिथल्या सहकाऱ्यांना सांगे, पण पुष्कळांना ते खरं वाटत नसे. १८ फेब्रुवारी १९६६ ला, कोरोल्योव यांच्यानंतर महिनाभरातच, तो रेल्वेखाली सापडून गेला. वय ३१.

फोटोतून माणूस काढण्याचं काम तेव्हा हातानं होई. मोठी प्रिंट घ्यायची, चेहऱ्यावर एअरब्रशनं राखाडी रंगाचा फवारा मारायचा, बारीक ब्रशनं मागची भिंत किंवा झाडी पुढे ओढून आणायची आणि त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढून नवी निगेटिव्ह तयार करायची. वर्तमानपत्राच्या जाड ठिपक्यांत हे खपून जाई. मुळात हे कसब सगळीकडचंच. आपल्याकडच्या स्टुडिओतही निगेटिव्हवर पेन्सिलनं टचिंग करून मुरुमं, सुरकुत्या घालवत. सोव्हिएत संपादकांच्या हाताला मात्र वेगळी सवय होती. १९३० च्या दशकात स्टालिनच्या शेजारी कालव्याकाठी चालणारा गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव मर्जीतून उतरल्यावर फोटोत नुसतं पाणी उरलं. अंतराळवीरांचे फोटो दुरुस्त करणाऱ्यांकडे हा वारसा आयता होता. नेल्युबोव कुणाचा शत्रू नव्हता. शिस्तीच्या एका प्रकरणासाठी वापरलेलं हत्यार मात्र तेच.

इथे अमेरिकेचं उदाहरण हमखास काढलं जातं. 'अपोलो ११'च्या वेळी नील आर्मस्ट्राँग यांनी घेतलेला बझ ऑल्ड्रिन यांचा जगभर गाजलेला फोटो मुळात जरा तिरपा आहे आणि पाठीवरच्या उपकरणाचं वरचं टोक त्यात कापलं गेलं आहे. प्रसिद्धीसाठी डोक्यावर काळं आकाश जोडलं गेलं. तीही फेरफारच. पण तिथे चौकट नीटनेटकी केली, माणूस नाहीसा केला नाही. हे दोन प्रकार एका तागडीत घालणं मला मान्य नाही.

सोचीचा घोळ उघडा पडला तो निष्काळजीपणामुळे. १९७० च्या दशकात वेगवेगळ्या सोव्हिएत प्रकाशनांत एकाच फोटोच्या दोन आवृत्त्या छापल्या गेल्या, एकीत माणूस आहे, दुसरीत नाही. 'नासा'त काम करणारे अमेरिकी अभियंते जेम्स ओबर्ग यांनी त्या शेजारी ठेवून पाहिल्या. गागारिन यांच्या आधी कुणीतरी अंतराळात मेलं आणि ते दडपलं गेलं, अशा वावड्या पश्चिमेत आधीपासूनच होत्या. पुसलेल्या चेहऱ्यांनी त्यांना बळ मिळालं. खरं कारण इतकं किरकोळ की सांगून टाकलं असतं तर चार दिवसांत विसरलं गेलं असतं.

एक मृत्यू मात्र खरोखरच दडवला होता. वालेन्तिन बोंदारेंको हा पथकातला सगळ्यात लहान, २४ वर्षांचा. २३ मार्च १९६१ ला, गागारिन यांच्या उड्डाणाला तीन आठवडे उरले असताना, जमिनीवरच्या बंद कक्षात एकांतवासाची चाचणी देताना त्यानं अंगावरच्या संवेदकांची जागा स्पिरिटच्या कापसानं पुसली. फेकलेला बोळा विजेच्या तापलेल्या शेगडीवर पडला. हवेत ऑक्सिजन जास्त होता, भडका उडाला. आतला आणि बाहेरचा दाब वेगळा असल्यानं दार लगेच उघडेना. काही तासांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. सोचीच्या सहलीआधीच तो नसल्यामुळे त्याला फोटोतून पुसायची वेळ आली नाही, त्याची बातमीच दिली गेली नाही.

१९८६ च्या एप्रिलमध्ये, गागारिन यांच्या उड्डाणाला २५ वर्षं झाली तेव्हा, पत्रकार यारोस्लाव गोलोवानोव यांनी 'इझ्वेस्तिया'त बोंदारेंकोची हकिगत आणि पथकातून गळलेल्यांची माहिती लिहिली. मूळ फोटो पुन्हा छापले जाऊ लागले, नेल्युबोव आपल्या जागी परत आला. खारकीवला बोंदारेंकोच्या कबरीवर 'वैमानिक मित्रांकडून' एवढंच कोरलेलं होतं. त्यात 'अंतराळवीर' हा शब्द नंतर घातला गेला.